कथेतलं पात्र समलैंगिक आहे, हे उघड लिहावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या धरमपेठेत एका मित्राच्या गच्चीवर महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा जण जमतो आणि आपापल्या कथा वाचतो. उन्हाळ्यात कूलर वर ओढून आणावा लागतो, हिवाळ्यात भाजलेल्या शेंगांवर भागतं. अलीकडे बऱ्याच कथांत दोन मित्र असतात किंवा दोन मैत्रिणी असतात, आणि वाचन संपलं की कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे ते दोघं... तसे आहेत का?’ लिहिणारा कागदांकडे बघत म्हणतो, ‘ते मी वाचकावर सोडलं आहे.’ मग वाद सुरू होतो, आणि तो जिन्यातून खाली स्कूटरपर्यंत चालतो. त्या वादांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरं माझी आहेत. गच्चीवरच्या सगळ्यांना ती पटतात असं मुळीच नाही.

आधी थोडक्यात सांगा. उघड लिहायचं की नाही?

लिहायचं. पण ‘उघड’ कशाला म्हणायचं, यावर बाकी सगळं ठरतं. पात्रानं चारचौघांत उभं राहून जाहीर केलं पाहिजे असं नाही. त्याच्या आईला कळलं पाहिजे असंही नाही. कथेतल्या एकाही माणसाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही तरी चालेल. वाचणाऱ्याला मात्र लागला पाहिजे.

माझी कसोटी साधी आहे. ज्याला हे मानायचंच नाही, असा एक वाचक डोळ्यांपुढे आणा. आमच्या गच्चीवर असे दोघं आहेत, म्हणून मला सोपं जातं. कथा पूर्ण वाचून त्याला ‘छे, जिगरी दोस्त आहेत ते’ असं बिनदिक्कत म्हणता येत असेल, तर तुम्ही ती गोष्ट अजून लिहिलेली नाही. ‘गे’ हा शब्द एकदाही न वापरता ही कसोटी पार करता येते. उलट तो शब्द दहा वेळा वापरूनही कधी कधी कथा नापास होते, कारण पात्राच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवलेली असते आणि त्याला कुणाची ओढ आहे, हे कुठंच दिसत नसतं.

सूचकता हाच साहित्याचा प्राण. सगळं सांगून टाकलं तर उरलं काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि कवी ग्रेस यांच्या गावात तो येणारच. इथं ज्यांनी कविता वाचायला सुरुवात केली, त्यांना संदिग्धतेचं वावडं नसतं. मलाही नाही. पण सूचन करणं आणि अंग चोरणं यांत फरक आहे, आणि तो आपल्याच काव्यशास्त्रात नीट सांगून ठेवलेला आहे.

आनंदवर्धनानं नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ लिहिला आणि ध्वनी हा काव्याचा आत्मा म्हटला. या चर्चेत हमखास येणारं उदाहरण म्हणजे ‘गंगायां घोषः’, गंगेवर गवळ्यांची वस्ती. पाण्यावर वस्ती होत नाही, म्हणजे ती काठावर आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. ‘काठावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्यामुळे तिथला गारवा आणि पावित्र्यही पोचतं. सांगितल्यापेक्षा जास्त पोचलं, त्याला ध्वनी म्हणायचं. ‘वस्ती काठावर आहे की नाही, ते श्रोत्यांवर सोडलं आहे’ असं कुठल्याही शास्त्रकारानं म्हटलेलं नाही.

दुसरं उदाहरण उर्दूतलं. इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ १९४२ मध्ये आली. सांगणारी एक लहान मुलगी, तिला काही कळत नाही. तिला दिसते ती रात्री भिंतीवर हलणारी रजईची सावली. बेगम आणि तिची दासी यांच्यात काय आहे, त्याला कथेत नाव नाही. तरी सगळ्यांना कळलं. इतकं नीट कळलं की अश्लीलतेचा खटला झाला आणि चुगताईंना लाहोरला जाऊन उभं राहावं लागलं. तिथं बोट ठेवायला धड एक शब्द सापडेना, आणि त्या सुटल्या. मी हे गच्चीवर सांगितलं की लोक म्हणतात, ‘बघा, सूचक लिहिलं म्हणून वाचल्या!’ अहो, पण खटला भरला तो कळलं म्हणूनच ना. त्या सूचकतेनं काहीही झाकलेलं नव्हतं.

भीतीपोटी केलेली सूचकता ओळखायची एक खूण सांगतो. आपल्याच दोन कथा शेजारी ठेवा. मुलगा-मुलीच्या कथेत तुम्ही तिसऱ्या पानावर स्वयंपाकघरातल्या भांडणापर्यंत आणि ओठांपर्यंत पोचता. आणि दोन मुलांच्या कथेत अकराव्या पानावरही दोघं खिडकीतून पाऊसच बघत असतात. एवढा पाऊस विदर्भात पडत नाही.

आपल्याकडे दोन पुरुषांची जवळीक दाखवली की पुरत नाही का?

उलट आपल्याकडेच ती पुरत नाही. फुटाळा तलावावर संध्याकाळी जाऊन बघा. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसलेली पोरं, एका गाडीवर तिघं, पुढच्याच्या पाठीवर गाल टेकून पेंगणारा मागचा. लग्नघरात एका गादीवर चार मित्र झोपतात, आणि त्यांतल्या दोघांनी एक पांघरूण घेतलं तर मावशी म्हणते, ‘अजून एक देऊ का रे?’ इथं पुरुषांच्या मैत्रीला अंगाचं वावडं नाही. फार सुंदर गोष्ट आहे ती, माझी काही तक्रार नाही. पण परदेशी मालिकांत बघून उचललेला इशारा, म्हणजे एकानं दुसऱ्याचा हात जरा जास्त वेळ हातात ठेवला, तो इथल्या मैत्रीत साखरेसारखा विरघळून जातो.

दोन बायकांचं तर त्याहून अवघड. त्या हातात हात घालून बर्डीवर खरेदी करतात, एकमेकींच्या केसांत गजरा माळतात, माहेरी आल्या की रात्रभर एका खोलीत बोलत पडतात, आणि कुणी मान वर करून बघत नाही. अशा ठिकाणी अमुक एक स्पर्श मैत्रीतला नाही, हे लेखकालाच दाखवावं लागतं.

म्हणजे नेमकं कसं? उदाहरण द्या.

समजा सीताबर्डीचं मेट्रो स्टेशन. ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिका इथं मिळतात. एकाला खापरीकडे जायचं आहे, दुसऱ्याला प्रजापतीनगरकडे. गच्चीवर येणारा मसुदा साधारण असा असतो:

‘दोघं फलाटावर उभे होते. निघवत नव्हतं. त्यांच्यामध्ये असं काहीतरी होतं, ज्याला नाव नव्हतं.’

हे ‘काहीतरी’ मला आता दिसलं तरी चीड येते. तोच प्रसंग असा लिहून बघा:

‘खापरीची गाडी आली. सुमितनं जाऊ दिली. पुढचीही जाऊ दिली.
“घरी काय सांगितलं?” विनयनं विचारलं.
“तुझ्याकडे आहे म्हणून.”
“मग खरंच सांगितलं की.”
सुमित हसला. विनयनं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं. दुपारी ते त्यानंच काढलं होतं.’

यात ‘गे’ नाही, ‘प्रेम’ नाही, पाऊस तर नाहीच. फलाटावरच्या माणसाला दोन मित्र दिसतात, सुमितच्या घरच्यांनाही ‘विनयकडे’ यात वावगं वाटत नाही. सगळा भार शेवटच्या वाक्यावर आहे. ते खोडलं की पुन्हा दोन दोस्त उरतात, करून बघा. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘गरमीनं काढलं असेल बटण.’ नागपूरच्या मे महिन्यात हेही खरंच. पण म्हणताना तो स्वतःच हसत होता, म्हणजे त्याला कळलं होतं.

मराठीत प्रेमातल्या माणसाचं लिंग लपवून लिहिता येतं का?

इंग्रजीत पानभर लपवता येतं. मराठीत दुसऱ्या वाक्याला क्रियापद दगा देतं. आला की आली, हसला की हसली, ठरवावंच लागतं. ‘ती व्यक्ती’ म्हणावं तर व्याकरणानं ती बाई होऊन बसते. आदरानं बोलावं तर ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’. हाक मारायची तर ‘अरे’ किंवा ‘अगं’. आपली भाषा या बाबतीत भलतीच चोंबडी आहे.

तरी लोक रोज लपवतात, आणि लेखकानं शिकावं ते त्यांच्याकडून. बँकेतला एक क्लार्क घ्या. सोमवारी डबा खाताना कुणी विचारतं, ‘काय मग, रविवारी कुठे?’ तो म्हणतो, ‘काही नाही, जरा अंबाझरीकडे जाणं झालं. मग बाहेरच खाणं झालं.’ कोण होतं सोबत? ‘होतं आपलं ओळखीतलं.’ जाणं झालं, खाणं झालं, होतं. हा माणूस वर्षानुवर्षं नपुंसकलिंगी क्रियापदांत राहतो आहे. व्याकरणातल्या त्या लिंगाचं नाव इथं किती बोचतं, हे मी वेगळं सांगत नाही. पण कथेत हे असं बोलणं तीनदा आलं, आणि चौथ्यांदा थकून त्याच्या तोंडून ‘आला होता’ निसटलं, तर तुम्हाला कबुलीचा प्रसंग वेगळा लिहावा लागणार नाही.

याची उलटी गंमतही आहे. रात्री मुलगा फोनवर विचारतो, ‘पोहोचला का?’ (पुण्यात ‘पोहोचलास’ म्हणतात, आपल्याकडे शेवटचा ‘स’ गळतो.) आई पलीकडच्या खोलीत कान देऊन असते. तिला धास्ती एकाच शब्दाची, ‘पोहोचली का’. ‘पोहोचला’ ऐकलं की ती दिवा मालवून निश्चिंत झोपते. ज्या क्रियापदानं वाचकाला सगळं सांगितलं, त्यानंच आईपासून सगळं झाकलं. असं दुहेरी काम करणारं वाक्य मराठीत फुकट मिळतं, आणि आपण मात्र लिंग लपवण्याच्या कसरतीत वेळ घालवतो.

शब्द कोणता वापरू? समलैंगिक, समलिंगी, गे, की आणखी काही?

ते पात्राच्या वयावर आणि मोहल्ल्यावर आहे. ‘समलैंगिक’ हा वर्तमानपत्राचा आणि कोर्टाच्या बातमीचा शब्द. दोन माणसं अंथरुणात पडून एकमेकांना तो म्हणत नाहीत. ‘गे’ कॉलेजातला, ॲपवरचा, पगारदारांचा. या समुदायात वावरणारे बरेच जण ‘कोती’ (बायकी वळणाचा पुरुष), ‘पंती’ (त्याचा पुरुषी जोडीदार) असं बोलतात, आणि आरोग्य प्रकल्पांत काम केलेल्यांच्या बोलण्यात ‘एमएसएम’ (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) येतं. महाल भागातल्या साठी उलटलेल्या निवृत्त मास्तरांकडे यांतला एकही शब्द नसेल. ते म्हणतील, ‘माझं पहिल्यापासून असंच आहे.’ तेवढं बस आहे.

‘गे’ या शब्दाची नागपुरात एक वेगळीच अडचण आहे. इथं बाया एकमेकींना ‘काय गे’ म्हणतात, आणि तान्ह्या पोळ्याला सगळं शहर ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडतं. आमच्यातल्या एकीच्या कथेत मुलगा आजीला सांगतो, ‘आजी, मी गे आहे.’ आजी म्हणते, ‘कोण आहे गे?’ वाचताना सगळे हसले. नंतर लक्षात आलं की कथेतली सर्वांत चांगली ओळ तीच होती.

‘बायल्या’, ‘छक्का’, ‘मीठा’ हे पात्रांच्या तोंडी येणारच. नाक्यावरची भाषा धुऊन काढली तर नाका उरत नाही. निवेदकानं मात्र ते स्वतःच्या जिभेवर घेऊ नयेत. आणि तृतीयपंथी म्हणजे समलैंगिक नव्हे. हे अजूनही सांगावं लागतं.

कथानकाला गरज नसेल तर कशाला आणायचं?

तुमच्या मागच्या कथेत इन्स्पेक्टरची बायको पहिल्या पानावर चहा घेऊन आली होती. तिची काय गरज होती?

कथा जुन्या काळातली असेल तर? तेव्हा हे शब्दच नव्हते.

शब्द नव्हते, माणसं होती. १९५२ सालचा कारकून आजच्या समुपदेशकासारखा ‘माझी लैंगिकता मी स्वीकारली आहे’ म्हणाला की कथा तिथंच कोसळते. त्याला ओळखीचं नाव देऊ नका, ओढ द्या. त्याच्याभोवतीचं नागपूर मात्र खरं असू द्या. तेव्हा हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. सचिवालयातले बाबू, १८७७ पासून चाललेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा, खानावळी, एका खोलीत भाड्यानं राहणारे दोघे-तिघे बिनलग्नाचे. अशा खोल्यांकडे कुणी संशयानं बघत नसे. बघत असत ते ‘अजून लग्न काहून नाही’ म्हणून.

मला या काळाचा सगळ्यांत मोहात पाडणारा भाग म्हणजे १ नोव्हेंबर १९५६. राज्यपुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. सरकारी नोकरांची दोन राज्यांत वाटणी झाली. आता एका खोलीत सहा वर्षं राहिलेल्या दोन कारकुनांचा विचार करा. एकाचा हुकूम भोपाळचा, दुसऱ्याचा मुंबईचा. नवरा-बायको असते तर अर्ज करून कारण लिहिता आलं असतं. यांनी अर्जात काय लिहायचं? ही कथा कुणी लिहिणार असेल तर मला वाचायला द्या. मी दोनदा सुरू करून सोडली आहे. दोन्ही वेळा अर्जाच्या मजकुराशीच अडकलो.

असं लिहिणं कायद्यात बसतं ना?

बसतं, आणि लिहिण्यावर कलम ३७७ ची बंदी कधीच नव्हती. १८६० च्या दंडसंहितेतलं ते कलम ‘अनैसर्गिक’ संभोगाच्या कृत्याबद्दल होतं. लेखनाला लागे ते अश्लीलतेचं कलम २९२. आता भारतीय न्याय संहितेत ते २९४ आहे आणि ते मुलगा-मुलीच्या कथेलाही तितकंच लागू आहे.

कथाकाराला कायद्याच्या तारखा मात्र पाठ हव्यात, कारण पात्राच्या भीतीचा रंग त्यांवर बदलतो. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे संबंध ३७७ मधून बाहेर काढले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते संबंध कायमचे गुन्ह्यातून मुक्त केले. म्हणजे २०१० मध्ये धीर करून घरी सांगितलेला मुलगा २०१४ मध्ये पुन्हा गुन्हेगार ठरतो. २००९ ते २०१३ या जवळपास साडेचार वर्षांवर मराठीत अख्खी कादंबरी व्हायला हवी. नागपुरात पहिली अभिमान यात्रा निघाली ती २०१६ मध्ये, म्हणजे कलम पूर्ण शाबूत असताना. चालणाऱ्यांच्या पायांत त्या दिवशी काय असेल, ते २०१९ च्या यात्रेचं वर्णन करून येणार नाही.

आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं लग्नाचा हक्क दिलेला नाही. त्यामुळे आजच्या पात्रांचं नाट्य पोलिसांपेक्षा फॉर्मांत जास्त आहे: दवाखान्यात ‘रुग्णाशी नातं’ हा रकाना, घराचं कर्ज, घरमालकाचा करार. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. काउंटरवर फॉर्म देताना दोघांतला कोण आधी बोलतो, एवढ्यावर एक चांगली लघुकथा उभी राहते.

पुस्तकात संदिग्ध ठेवलं आणि नंतर मुलाखतीत सांगितलं तर?

हॅरी पॉटरचं हेच झालं. शेवटचा भाग जुलै २००७ मध्ये आला आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला एका वाचन-कार्यक्रमात लेखिका रोलिंगबाईंनी सांगितलं की त्यातला मुख्याध्यापक डंबलडोर गे आहे. सभागृहात टाळ्या पडल्या. पण सात जाड पुस्तकांत ज्याला नको त्याला अडवेल असं एकही वाक्य नव्हतं. लेखकाच्या मनात होतं, हे मी मानतो. मनात असल्याचे पैसे वाचकाकडून घ्यायचे नसतात. शिवाय आपल्या-तुपल्या कथासंग्रहाच्या तीनशे प्रती निघतात. कोण येणार आहे मुलाखत घ्यायला?

मराठीत आधी कुणी उघड लिहिलं आहे का?

तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. नाटकात तर आडोसा कमीच. मित्रा म्हणजे सुमित्रा, नाटकाची नायिका. तिला बाईची ओढ आहे, हे प्रेक्षकांसमोर बोललं जातं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ ची. भाऊ आणि बहीण घरात आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि दोघं आपापल्या बाजूनं सांगतात. त्या रचनेचा मला हेवा वाटतो. बहिणीचं प्रेम वाचकाला प्रेम म्हणून मान्य असतं, आणि भावाचं त्याच माणसाबद्दलचं प्रेम त्याच घरात, त्याच पुस्तकात शेजारी ठेवलेलं असतं. आता एकाला प्रेम म्हणायचं आणि दुसऱ्याला मैत्री, हे कोणत्या तोंडानं?

मी स्वतः समलैंगिक नाही. मी लिहिलं तर चालेल का?

चालेल. मी गे आहे, आणि माझ्या कथांतल्या नवरा-बायकोंना आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. (हे वाक्य इथं लिहिणं भागच होतं, नाहीतर वरच्या कसोटीत मीच नापास.) फक्त चौकशी करा, जशी विहिरीवर लिहिताना करता. लिहून झाल्यावर आमच्यातल्या एकाला तरी वाचायला द्या. आम्ही बहुधा प्रेमप्रसंगाबद्दल काही बोलणार नाही. आम्ही म्हणू, हा मुलगा फोन उलटा का ठेवत नाही? ॲपवर स्वतःचा चेहरा कसा काय लावला यानं, धंतोलीत राहून?

पात्र ओळखीच्या माणसावरून घेतलं आहे. काळजी काय घ्यायची?

या प्रश्नावर मात्र मी कडक आहे. कथेत पात्राला उघड करायचं, पण त्याच्या आडून खऱ्या माणसाला उघडं पाडायचं नाही. नागपूर दिसायला शहर आहे. आतून ते गावच आहे. खामल्यात राहणारा, अमुक शाळेत गणित शिकवणारा, हिरवी जुनी स्कूटर चालवणारा चाळिशीतला बिनलग्नाचा माणूस, एवढं लिहिलंत की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्याचं नाव फिरतं. नाव बदलल्यानं काही होत नाही. विषय बदला, वाहन बदला, गाव बदला, त्याला एक बहीण द्या जी त्याला नाही. मग कथा त्यालाच आधी दाखवा. तो नको म्हणाला तर फाइल बंद. मी एक अशी कथा आठ वर्षांपासून ठेवून दिलेली आहे. चांगली आहे, पण ठेवून दिलेली आहे.

शेवटी त्यानं मरावं का?

नाही. पुष्कळ मेले. एखाद्याची सर्व्हिसिंगला टाकलेली स्कूटर वेळेवर मिळू द्या आणि तो घरी जाऊ द्या.

संपादकांनी बदल सुचवले तर?

सुचवले तर बोलता येतं. माझ्या बाबतीत सुचवले नाहीत, सरळ केले. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला कथा दिली. सकाळी सहाला टपरीवर तर्रीपोहे खाणारे दोघं. रात्र सोबत काढून आलेले. अंक हातात आला आणि बघतो तर ‘तो’ची ‘ती’ झालेली. मला ना फोन, ना निरोप. कुणीतरी बसून एकेक क्रियापद बदललं होतं. मी मोजली, बेचाळीस होती. आली, बसली, तर्री जास्त हवी म्हणाली, घाम पुसत थांबली. मेहनत बघून क्षणभर कौतुकच वाटलं.

पण मराठी चोंबडी आहे, हे वर म्हटलंच. बेचाळीस बदलली, त्रेचाळिसावं राहिलं. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘हात पुसत तो हसला’ तसंच छापून आलं. महिन्याभरानं वर्ध्याहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. सुवाच्य अक्षर, खाली सही नाही. ‘पान १४६ वर तो हसला आहे. तोवर मला कथा कळली नव्हती. नंतर पुन्हा पहिल्यापासून वाचली.’ संपादकांना मी ते कधी दाखवलं नाही. तुम्हाला मात्र व्यवहाराचं सांगतो: कथा पाठवताना सोबत एक ओळ लिहा, ‘लिंगवाचक कोणताही बदल विचारल्याशिवाय करू नये.’ छापायचं नसेल तर ते कथा परत करतील. परत आलेली कथा दुसरीकडे देता येते.

ती कथा मूळ रूपात कधी आली का? आणि घरी वाचली का?

आली, पुढे संग्रहात घेतली तेव्हा. बेचाळीस क्रियापदं परत पुल्लिंगी करायला मला एक दुपार लागली. घरी पुस्तक टीव्हीजवळ ठेवलं होतं आणि आठवडाभर कुणी हात लावलेला दिसला नाही. मग एका सकाळी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘ती पोह्यांची गोष्ट वाचली मी.’

मी थांबलो.

‘टपरीवाल्याला नाव आहे, त्याच्या पोराला आहे, कुत्र्यालासुद्धा आहे,’ ती म्हणाली. ‘त्यालाच काहून नाही दिलं रे?’